गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ, थकवा, पित्त: गप्प राहून सोसू नका, असं सांभाळा

ठाण्याहून सकाळची वाशीची गाडी पकडून मी कोपरखैरणेला ऑफिसला जायचे. सातवा आठवडा होता, फक्त नवऱ्याला आणि आईला माहीत होतं, आईने बजावून ठेवलेलं की तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, त्यामुळे सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. ऐरोली सुटलं आणि शेजारच्या मुलीने डबा उघडला, लसणाची चटणी होती बहुतेक, तो वास नाकात गेला आणि तोंडाला असं पाणी सुटलं की मी ओढणी तोंडात कोंबून उभी राहिले. दाराजवळच्या एका बाईंनी काही न विचारता मला खिडकीपाशी सरकवलं, पर्समधून स्टीलची एवढीशी डबी काढली, त्यात मीठ लावलेली आमसुलं होती, एक माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "तोंडात नुसतं धर, चावू नको. कितवा महिना?" मी पहिल्यांदाच एका अनोळखी बाईला सांगितलं, दुसरा. आणि सांगताना रडूच आलं.

हे सगळं लिहायचं कारण तेच. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि नेमके तेच तीन महिने आपण कुणाला सांगत नाही. पोट दिसत नसतं म्हणून ट्रेनमध्ये कुणी जागा देत नाही, ऑफिसात वाटतं ही कामचुकारपणा करतेय, घरात वाटतं नाटकं करतेय. नजर लागते, काही कमीजास्त झालं तर, या भीतीमागची काळजी मला कळते, माझ्याही मनात होती. पण सगळ्यांना नाही तरी तीन माणसांना सांगाच, घरातलं एक, ऑफिसातलं एक आणि रोजच्या गाडीतलं एक. खाली जे जे लिहिलंय त्यातलं निम्मं या तीन माणसांशिवाय जमत नाही.

सगळ्यात आधी हे करून घ्या

टेस्टवर दोन रेषा आल्या की डॉक्टरकडे नाव घाला. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, त्यामुळे पाळी चुकली त्या दिवशीच साधारण चार आठवडे झालेले असतात, ती तारीख कागदावर लिहून ठेवा कारण पुढे प्रत्येक जण तीच विचारतो. फोलिक ॲसिडची गोळी सुरू नसेल तर लगेच सुरू करायची, साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत, बाळाचा मणका आणि मेंदू याच काळात तयार होतो. डायबेटिस, फिट किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा, काहींना फोलिकचा डोस जास्त लागतो, आणि जुन्या गोळ्या मनाने बंद करू नका. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर एक सोनोग्राफी सांगतात, गर्भ पिशवीतच आहे ना आणि ठोके आहेत ना ते बघायला. ती टाळू नका, का ते पुढे येईलच.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नोंदणी करून माता बाल संरक्षण कार्ड घेऊन ठेवा, तुम्ही प्रायव्हेट डॉक्टरकडे जात असलात तरी. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत बसत असाल तर ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात, आणि त्यासाठी लवकर नोंदणी लागते.

सकाळ: पाय जमिनीवर टेकवायच्या आधी काहीतरी खायचं

मळमळ बहुतेकींना होते, दहापैकी सात-आठ जणींना तरी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि चौदाव्यापर्यंत बऱ्याच जणींची उतरते, काहींची विसाव्यापर्यंत रेंगाळते. सकाळचीच असते हा गैरसमज आहे, मला संध्याकाळी सहानंतर सुरू व्हायची. "तुला पित्ताचाच त्रास आहे आधीपासून" असं मला कितीतरी वेळा ऐकवलं गेलं पण हे नुसतं पित्त नाही. गर्भधारणेचे हार्मोन वाढतात, आणि जीडीएफ१५ नावाचं एक हार्मोन बाळाच्या बाजूने आईच्या रक्तात येतं ते मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राला चेतवतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत हे संशोधन आलं. त्यात असंही दिसलं की जिच्या शरीराला या हार्मोनची आधीपासून सवय कमी तिला त्रास जास्त. म्हणजे तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, हे घरात वाचून दाखवा.

आता करायचं काय. रिकामं पोट हा मळमळीचा सगळ्यात मोठा मित्र आहे आणि रात्रभर पोट रिकामं असतं. म्हणून रात्री झोपताना उशाशी एक छोटी डबी ठेवायची, साळीच्या लाह्या, कुरमुरे, खाकऱ्याचे तुकडे, भाजलेले चणे, साधी बिस्किटं, जे कोरडं आणि बिनवासाचं असेल ते. सकाळी डोळे उघडले की उठायचं नाही, आडवं राहूनच किंवा उशीला टेकून मूठभर सावकाश चावायचं, मग पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं, मग कुशीवर वळून हाताचा आधार घेत हळू उठायचं. झटक्यात उठलं की संपलं. ही पंधरा मिनिटं मिळवायची तर गजर आधीचा लावावा लागतो, आणि दूधवाल्याची बेल वाजली तर दार कुणी उघडायचं हे रात्रीच ठरवून ठेवावं लागतं.

चहा याच्यानंतर. उपाशीपोटी चहा घेतला की माझी उलटी ठरलेलीच. चहा-कॉफी पूर्ण बंद करायची गरज नाही, दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे घरातले दोन लहान कप चहा आरामात बसतात, कॉफी मात्र एका कपावर थांबवा.

ब्रश तोंडात घातला की उमासे येत असतील तर आधी खाऊन अर्ध्या तासाने दात घासा, लहान मुलांचा ब्रश वापरा, पेस्टचा वास नको वाटत असेल तर पेस्ट नावालाच घ्या. आणि उलटी झाल्या झाल्या ब्रश करू नका हे मला उशिरा कळलं. पोटातल्या ॲसिडने दातांचं वरचं आवरण मऊ झालेलं असतं, लगेच घासलं तर ते झिजतं. नुसत्या पाण्याने, हवं तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

दिवसभर: दर दोन तासांनी थोडं, आणि पाणी वेगळं

तीन वेळचं ताट विसरा. दर दोन तासांनी चार घास, भूक लागलेली असो वा नसो. मी मोबाइलवर गजरच लावले होते. पहिल्या तीन महिन्यांत "दोघांचं" खायची गरज नसते, बाळ एवढंसं असतं, दोन-चार आठवडे नुसता भात आणि टोस्ट गेला तरी बाळाला काही कमी पडत नाही, त्यामुळे डाळ-भाजी-कोशिंबीर जात नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. जे पोटात टिकतं ते खा. कितीतरी जणींना गरमपेक्षा थंड बरं वाटतं कारण थंड पदार्थाला वास कमी असतो. दहीभात, थंड केलेली भाताची पेज मीठ घालून, उकडलेला बटाटा, इडली, मऊ पोळीचा तुकडा साखर लावून, केळं, कलिंगड, मुगाचं कढण. थोडं प्रोटीन आत गेलं तर मळमळ जरा आवरते, त्यासाठी शेंगदाणे, चणे, दही, उकडलेलं अंडं जात असेल तर ते.

आंबट हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि कामाचा आहे. आमसूल, आवळकाठी, लिंबाची फोड मीठ लावून, आमसुलाचं सार. सार करताना फोडणीशिवाय करा. पाच-सहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, कुस्करायची, गाळायचं, मीठ आणि चिमूटभर गूळ, झालं. फ्रिजमध्ये ठेवून घोट घोट प्यायचं. मात्र पित्त घशाशी येत असेल, छातीत जळत असेल तर आंबटाने ते वाढतं, मग हे तुमच्यासाठी नाही.

आलं चालतं. दिवसाला एक ग्रॅम सुंठीइतकं आलं मळमळीवर उपयोगी पडतं असं अभ्यासांत दिसलंय, आलेपाकाची एक-दोन वडी किंवा आल्याचे पातळ काप लिंबू-मिठात मुरवून. आल्याने उष्णता होते, बाळाला त्रास होतो असं मला सांगितलं गेलं होतं पण स्वयंपाकातल्या प्रमाणात त्याने काही होत नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरला विचारून.

पाणी जेवताना ढसाढसा पिऊ नका, पोट फुगतं आणि सगळं बाहेर. जेवणाच्या आधी-नंतर अर्धा तास सोडून, घोट घोट. साधं पाणीसुद्धा नको वाटायचं मला, धातूसारखी चव लागायची, तेव्हा नारळपाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर बर्फाचा खडा चघळायचा. पुरेसं जातंय का हे ओळखायची खूण म्हणजे लघवीचा रंग, फिकट पिवळा असला तर ठीक, चहासारखा गडद झाला तर कमी पडतंय.

तोंडाला सारखं पाणी सुटतं, लाळ गिळली तर मळमळतं, हाही याच काळातला त्रास आहे आणि लाजायचं कारण नाही. जवळ नॅपकिन ठेवा, लवंग किंवा बडीशेप चघळा, थुंकायला झाकणाचा पेला ठेवा.

वास आणि स्वयंपाकघर

याच्यावर जरा जास्त लिहिते कारण घराघरात भांडण यावरूनच होतं. गरोदरपणात नाक तीक्ष्ण होतं म्हणा किंवा वास सहन होत नाही म्हणा, फोडणीचा हिंग, कुकरच्या शिट्टीबरोबर येणारा भाताचा वाफाळ वास, फ्रिज उघडला की येणारा मिक्स वास, मासळी, नवऱ्याचा डिओ, काहीही चालत नाही. माझ्या बाबतीत कुकर होता. तिसरी शिट्टी झाली की मी बाथरूमकडे पळायचे. आमच्याकडे बिल्डिंग अशी की खालच्या मजल्यावरची फोडणी सरळ आमच्या बेडरूममध्ये यायची.

उपाय साधे आहेत पण ते दुसऱ्याने करायचेत. दोन-तीन महिने कुकर आणि फोडणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायची, त्या वेळी तुम्ही गॅलरीत किंवा खाली चक्कर मारायला. एकटी किंवा दोघंच असाल तर सकाळी जेव्हा त्यातल्या त्यात बरं वाटतं तेव्हाच दिवसभराचं करून ठेवा, कुकरऐवजी पातेल्यात भात, झाकण ठेवून, एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी. पोळी-भाजीचा डबा लावायला कमीपणा नाही, ठाण्यात आणि नवी मुंबईत घरगुती डबे देणाऱ्या कितीतरी बायका आहेत, बिनमसाल्याचं द्या म्हटलं तर देतात. फ्रिज आठवड्याला रिकामा करून पुसून घ्यायचं काम नवऱ्याला द्या. रुमालावर लिंबाची साल चोळून जवळ ठेवा, वास आला की नाकाशी धरा, ट्रेनमध्ये तर याने मला फार वाचवलं.

सासूबाईंना मी आठव्या आठवड्यात सांगितलं. सांगेपर्यंत त्यांना वाटत होतं मला त्यांच्या हातचं आवडेनासं झालंय. सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून कुकर बंद, आणि त्या स्वतः माझ्यासाठी तांदळाची पेज करायला लागल्या, वर साजूक तुपाचा थेंब आणि मेतकूट. दोन आठवडे मी तेवढ्यावर होते.

प्रवास

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. पोट दिसत नसलं की कुणी हटकेल म्हणून डॉक्टरची चिठ्ठी किंवा फाइलचं पहिलं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कागदही जवळ असू द्या. लेडीज डब्यात चढलात तर सरळ बोला, "मी प्रेग्नंट आहे, बसायला मिळेल का." नुसतं चेहऱ्याकडे बघत उभं राहू नका, समोरचीला कळत नाही, बोललं की दहापैकी नऊ जणी उठतात हा माझा अनुभव.

बॅगेत ठेवायच्या गोष्टी: दोन-तीन जाड पिशव्या ज्यांना तळाला भोक नाही हे आधी तपासलेलं, ओला रुमाल, पाण्याची छोटी बाटली, आमसूल किंवा आलेपाक, कोरडा खाऊ, एक जादा ओढणी. पाच मिनिटं लवकर निघा म्हणजे जिन्यावरून धावावं लागणार नाही. मोबाइल बघत प्रवास करू नका, लांब बाहेर बघा. जीव घाबरा झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पुढच्या स्टेशनवर उतरा आणि बाकावर बसा, एक गाडी गेली तर जाऊ दे. चक्कर येते कारण या दिवसांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी जरा उतरतं, गर्दीत उभं राहून ते अजून उतरतं.

आणि घोडबंदर रोडचे खड्डे, रिक्षाचे धक्के, याने गर्भ पडतो का, हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो. रोजच्या प्रवासाच्या धक्क्यांनी असं होत नाही. सुरुवातीच्या काळात गर्भपात होतात त्यातले निम्म्याहून जास्त गर्भाच्या गुणसूत्रांमधल्या दोषामुळे होतात, आईने जिना चढला, पपईची फोड खाल्ली, हात वर केला म्हणून नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ज्यांचं आधी असं झालंय त्या बायका वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतात. अंगावर रक्त जात असेल किंवा डॉक्टरने प्रवास बंद सांगितला असेल तर गोष्ट वेगळी.

एवढं करूनही थांबत नसेल तर गोळी घ्या

"गोळ्या कशाला, सहन कर, आम्ही नाही का केलं" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. मळमळीवर डॉक्झिलअमाइन आणि बी-६ व्हिटॅमिन एकत्र असलेली गोळी गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरली जाते. अमेरिकेत हीच औषधं असलेली गोळी खटल्यांमुळे १९८३ मध्ये कंपनीने बाजारातून काढून घेतली होती, नंतर इतके अभ्यास झाले की बाळाला अपाय दिसला नाही आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध खात्याने पुन्हा मंजुरी दिली. आपल्याकडेही डॉक्टर ती सर्रास लिहून देतात. झोप येते म्हणून बहुतेक वेळा रात्री घ्यायला सांगतात, आणि रात्री घेतली की सकाळी काम करते. उलटी झाल्यावर घेण्यात अर्थ नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची. मेडिकलवाल्याकडून मनाने आणू नका, डोस डॉक्टर ठरवतील.

लोहाची गोळी चालू असेल आणि ती घेतल्यावर उलट्या होत असतील तर डॉक्टरला सांगा. सरकारी कार्यक्रमातही लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून देतात, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असेल तर काही आठवडे थांबवता येते. फोलिक मात्र थांबवू नका, ती रात्री जेवल्यावर घ्या.

डोकं दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल चालते, नेमून दिलेल्या प्रमाणात. आयब्युप्रोफेन असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, घरातल्या डब्यात पडलेल्या असतात त्या आधी वेगळ्या काढा. आयुर्वेदिक आहे, जडीबुटी आहे म्हणून काढे-भस्मं विचारल्याशिवाय नकोत.

ही रेघ ओलांडली की घरगुती उपाय बंद

माझं इथेच चुकलं. नवव्या आठवड्यात सलग दोन दिवस पाण्याचा घोटसुद्धा टिकत नव्हता. जवळच्या एका दवाखान्यात गेले तर न तपासताच "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून परत पाठवलं. मीही गप्प घरी आले, होत असेल असं म्हणून. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने वजनकाट्यावर उभं केलं तर ५५ चे ५१ झाले होते. माझ्या डॉक्टरांनी लघवी तपासली, कीटोन होते, म्हणजे उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळत होतं, लगेच ॲडमिट, दोन दिवस सलाइन.

म्हणून हे पाठच करा. बारा तासांत काहीच, पाणीसुद्धा, टिकलं नाही. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा फारच गडद आणि थोडी झाली. आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं, म्हणजे ५५ किलोच्या बाईचं पावणेतीन किलो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला झालं. उलटीत रक्त. पोटात जोरात दुखणं किंवा ताप. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी. शंभरात एक ते तीन जणींना ही तीव्र ओकारी होते आणि तिला उपचार आहेत. सलाइन लावताना किती दिवसांपासून पोटात काही नाही ते स्पष्ट सांगा, कारण खूप दिवस उपाशी असलेल्या बाईला ग्लुकोज चढवायच्या आधी बी-१ व्हिटॅमिन द्यावं लागतं. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर करून लिहीत जा, म्हणजे कुणी "होतं असं" म्हटलं तर तुमच्याकडे आकडा असतो.

सरकारी ठिकाणी जायचं असेल तर ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेची वाशीचं रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ आणि नेरुळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय, यातलं कोणतं जवळ ते आजच बघून ठेवा. ॲम्ब्युलन्सला १०८.

थकवा

हा कुणालाच दिसत नाही. दुपारी तीनला कॉम्प्युटरसमोर डोळे मिटायला लागतात, घरी आल्यावर चप्पल काढायची ताकद नसते. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढल्याने झोप येते, शिवाय शरीर आत वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, तयार करत असतं. रात्री नवाला झोपा, सिरियल राहू दे. ऑफिसात एका व्यक्तीला सांगितलेलं असेल तर जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं रिकाम्या मीटिंग रूममध्ये आडवं होता येतं. शक्य असेल तर घरून काम मागा, निदान नवव्या-दहाव्या आठवड्यात. मातृत्व लाभाच्या कायद्यात २६ आठवड्यांच्या रजेशिवाय गरोदरपणामुळे झालेल्या आजारपणासाठी डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजेची तरतूद आहे, हे एचआरला विचारा, ते स्वतःहून सांगत नाहीत.

थकवा अती वाटला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या, ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी.

पित्त, गॅस आणि पोट साफ न होणं

तिन्ही एकाच कारणाने, आतडी सुस्तावतात. करपट ढेकर, घशाशी आंबट येणं यासाठी जेवल्यावर दोन तास आडवं होऊ नका, डोक्याकडची बाजू दोन उशांनी उंच, डावी कूस, तळलेलं आणि फार तिखट कमी. थंड दूध काहींना चालतं. फसफसणारी सोड्याची पुडी सारखी घेऊ नका, त्यात सोडियम खूप असतं, गरोदरपणात चालणारं सिरप डॉक्टर देतात.

पोट साफ होण्यासाठी रात्री भिजवलेले मनुके-अंजीर, पेरू, पालेभाजी जात असेल तर, आणि सकाळी कोमट पाणी. तरी नाही झालं तर एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, पाणी कमी घेतलं तर उलट अडकतं. एरंडेल नको, जुलाबाच्या गोळ्या मनाने नकोत. कुंथू नका, पायाखाली छोटं स्टूल घ्या.

लघवी, छाती, डोकं

सारखं लघवीला लागतं ते स्वाभाविक आहे, पण स्टेशनवरच्या टॉयलेटच्या भीतीने पाणी कमी पिणं आणि धरून ठेवणं हे आपण सगळ्याच करतो आणि तिथूनच इन्फेक्शन होतं. घरून आणि ऑफिसातून निघायच्या आधी जाऊनच या, मधे मॉल किंवा हॉटेल ठरवून ठेवा. जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी-ताप असं झालं तर लघवीची तपासणी लगेच, या दिवसांत इन्फेक्शन किडनीपर्यंत लवकर चढतं.

छाती ठणकते त्यासाठी एक साइज मोठी, तारेशिवायची कॉटनची ब्रा, रात्रीही चालेल. डोकेदुखी बऱ्याचदा उपाशी राहिल्याने किंवा पाणी कमी पडल्याने असते, आधी ते बघा.

डाग दिसला तर

चारपैकी एका बाईला पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार अंगावर जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. घाबरून जाऊ नका पण दुर्लक्षही नको. पॅड लावा म्हणजे किती जातंय ते कळेल, रंग बघा, डॉक्टरला त्याच दिवशी फोन. पाळीपेक्षा जास्त जात असेल, गाठी पडत असतील, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, चक्कर येत असेल तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. गर्भ पिशवीऐवजी नळीत असला तर असं होतं आणि तिथे तास-दीड तासाचाही फरक पडतो. ती पहिली सोनोग्राफी याचसाठी.

पावसाळा असेल तर

उकळलेलं पाणी घरून न्या. रस्त्यावरचं पाणी, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं हे बाळ होईपर्यंत बंद. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ इतरांना साधी जाते पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद पिवळी आणि अन्नावरची वासनाच उडाली तर त्याला नुसती गरोदरपणाची मळमळ समजू नका. ताप १००.४ च्या वर गेला तर डेंग्यू-मलेरियाची तपासणी त्याच दिवशी.

रडू येणं

कारण नसताना येतं, आणि कारण असतानाही. मला बाळ हवं होतं आणि तरी नवव्या आठवड्यात वाटलं होतं की हे सगळं थांबावं, आणि असं वाटल्याची इतकी लाज वाटली की कुणाला बोलले नाही. आता ज्या ज्या मैत्रिणींशी बोलले त्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, मलाही. सतत उलट्या होणाऱ्या माणसाला असं वाटणारच. दोन आठवडे रोज असंच उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरला सांगा, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

उतरायला लागलं की

एके दिवशी भूक लागते, तेवढ्याने कळतं. माझा तेरावा आठवडा होता, शेजारून वरण-भाताचा वास आला आणि मी दार वाजवून वाटीभर मागून आणला. त्या दिवसापासून सगळं एकदम खायला जाऊ नका, दोन तासांचं वेळापत्रक अजून दोन आठवडे चालू ठेवा, मी मध्येच सोडलं तर परत दोन दिवस उलट्या झाल्या. लोहाच्या गोळ्या आता सुरू होतील, त्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि एनटी स्कॅन म्हणून जी सोनोग्राफी असते, बाळाच्या मानेमागची जाडी मोजून गुणसूत्रांच्या दोषाचा अंदाज घेणारी, ती ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करता येते, नंतर नाही. उलट्यांच्या गडबडीत तारीख निघून जाते, म्हणून दहाव्या आठवड्यातच अपॉइंटमेंट घेऊन ठेवा.